रुमालाखालचा सौदा

माझी नातसून धाराशिवला एका वृद्धाश्रमात कामाला आहे. सणासुदीला घरी आली की ती हमखास विचारते, आजी, आमच्या म्हाताऱ्यांना रमवायला काय करू, सोपं काहीतरी सांगा. तिच्या साहेबांनी फुग्यांचे खेळ, टाळ्यांचे खेळ, टोप्या घालून वाढदिवस, असं बरंच काही सुचवलेलं असतं. मला त्या टोप्यांचा मनस्वी राग येतो. जन्मभर फेटा बांधलेल्या माणसाच्या डोक्यावर कागदाची टोपी ठेवायची आणि वर त्याचा फोटो काढायचा, ह्यात रमण्यासारखं काय आहे ते त्या साहेबांनी आधी स्वतः घालून बघावं.

तिला मी आपलं वरवरचं उत्तर देते. वाती वळायला द्या, शेंगा फोडायला द्या, त्यांना काहीतरी विचारा आणि ते सांगतील तसं एकदा तरी करा. ती मान डोलावते आणि कामाला लागते. खरं उत्तर लांबलचक आहे, आणि ते ऐकून कुणाला बरं वाटेल असंही नाही. म्हणून इथं लिहून ठेवते.

मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या राज्यातली गोष्ट. भूमपासून बैलगाडीनं निम्म्या दिवसाच्या वाटेवर एक गाव होतं आणि गावात लिंगायतांचा मठ होता. मी त्या मठात आले तेव्हा विशीची होते. नवरा पटकीनं गेला होता. सासरी मला ठेवून घ्यायला कुणी राजी नव्हतं आणि माहेरी भावजयीचं राज्य होतं. मठाच्या स्वामींना सगळे अप्पा म्हणायचे. त्यांनी मला स्वयंपाकाला ठेवून घेतलं, आणि स्वयंपाकाच्या मागोमाग पडवीही माझ्याच गळ्यात आली.

पडवी म्हणजे मठाच्या मागच्या अंगाची लांबलचक ओसरी. तिथं आठ-दहा म्हातारी माणसं पडून असायची. कुणाचं कुणी उरलं नव्हतं, कुणाचं असूनही नव्हतं. त्यांना दोन वेळा भाकरी द्यायची, अंघोळी घालायच्या, घाण काढायची, आणि कुणी गेलं तर अप्पांना जाऊन सांगायचं, एवढं माझं काम. लढाई चालू होती. ती कुठं आणि कुणाशी हे पडवीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पण रॉकेल मिळेना, कापड मिळेना, आणि सरकारला धान्याची लेव्ही घालून शेतकऱ्याकडं जे उरे त्यातूनच मठाची भिक्षा यायची, म्हणून लढाई आम्हाला भाकरीत कळायची. ज्वारीत चिंचोक्याचं पीठ मिसळून भाकऱ्या थापायचे मी.

लोक म्हणतात की अशी माणसं मरणाची वाट बघत असतात. ते खोटं आहे. पडवीतली माणसं कशाचीच वाट बघत नव्हती. भिंतीकडं तोंड करून बसायची, आणि मी भाकरी ठेवली की खायची. मला त्या शांततेची भीती वाटायची. मी विशीची होते, बोलकी होते, आणि पुढं आपलंही हेच होणार हे मला तिथं रोज दिसत होतं. म्हणून मी त्यांना बोलतं करायला निघाले. त्यांच्यासाठी म्हणून नाही, माझ्यासाठीच.

आधी पोथी वाचून घेतली, अप्पांच्या एका शिष्याकडून. सगळी झोपली. मग चिंचोके आणून पटावर खेळ मांडला. पडवीत एक आजी होती, उमरग्याच्या बाजूची, तोंडाची तिखट. नवरा तरुणपणीच गेल्यावर तिनं एकटीनं शेत केलं होतं, आणि दीरांनी ते शेवटी काढून घेतलं होतं. गुडघे सुजून तिचे पाय वाकडे झाले होते, चार पावलं टाकली की बसावं लागायचं. तिनं ते चिंचोके उचलले आणि माझ्या अंगावर फेकले. मी काय तान्हं हाय का, म्हणाली, आणि पुढं कानडीत काहीबाही बडबडली. ते मला कळलं नाही, पण काय असेल ते समजलं.

त्यातल्या त्यात चाललं ते गावातल्या पिंजाऱ्याचं. तो मठाच्या गाद्या पिंजायला यायचा. त्याच्या धनुकलीची तार वाजायला लागली की पडवीतल्या माना वळायच्या. मी त्याला म्हटलं, कापूस नसला तरी येत जा. तो हसला, आणि खरंच यायला लागला. जुनाच कापूस पुन्हा पुन्हा पिंजून द्यायचा. एखादी म्हातारी उठून कापूस निवडायला बसायची. मोठा भला माणूस होता तो.

अशात एके दिवशी दलालआबा आले. आले म्हणजे आणून टाकले. दोघं पुतणे गाडीतून घेऊन आले, मठाच्या दारात उतरवलं आणि पाणीही न पिता गेले. आबा जनावरांच्या बाजारातले दलाल होते, आमच्याकडं त्यांना हेडी म्हणतात. भूमचा बाजार असो की येरमाळ्याची यात्रा, त्यांनी दात बघितल्याशिवाय बैलाचा सौदा होत नसे, असं लोक सांगत. आता त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. डावा हात तेवढा धड होता.

त्यांनी खाणं सोडलं होतं. भाकरी कुस्करून घास तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटायचे. दात असून बोळकं झाल्यासारखे गाल आत गेले होते. अप्पा म्हणाले, त्यांची इच्छा दिसत नाही, जबरदस्ती करू नकोस. मला ते पटलं नाही. मी रोज घास घेऊन बसायचे, ते रोज तोंड फिरवायचे, आणि माझा संताप व्हायचा. मरायचं असेल तर माझ्या हातून नको, असं मी त्यांना तोंडावर म्हटलंसुद्धा.

एकदा मी त्यांचा डावा हात धुतला आणि पंच्यानं पुसत होते. पंच्याखाली त्यांनी एकदम माझी बोटं धरली. दोन बोटं घट्ट दाबली, मग बोटाच्या पेरावर अंगठा टेकवला, आणि माझ्याकडं बघत राहिले. मी हात हिसडला आणि बाहेर पळाले. तरणी विधवा बाई, तिला असल्या गोष्टींचा काय अनुभव येतो ते सांगायला नको. म्हाताऱ्याला घास जात नाही, पण हे सुचतंय, असं माझ्या मनात आलं. पुढं काही दिवस मी त्यांचं ताट लांबूनच सरकवायचे आणि पाठ फिरवायचे.

आजीनं ते पाहिलं होतं. तिनं मला जवळ बोलावून काय झालं ते विचारलं. मी लाजत, रागावत सांगितलं. आजी आधी ऐकत राहिली, आणि मग इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या पडवीत कुणी हसलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते.

"येडे," ती म्हणाली, "त्यो तुला न्हाय मागत. बैल मागतोय."

मग तिनं मला समजावलं. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं रुमालाखाली हात घालतात आणि बोटं धरून भाव करतात. एक बोट धरलं म्हणजे एक, दोन धरली म्हणजे दोन, पाचही धरली की पंजा, पेर दाबलं की अर्धा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांतच राहतो. पटला नाही तर हात काढून घ्यायचा. पटला तर रुमाल बाजूला करून हातावर हात मारायचा, आणि एकदा हात मारला की सौदा फिरवायचा नाही. जो फिरवेल त्याला पुन्हा बाजारात कुणी उभं करत नाही. आजीनं स्वतःचे बैल स्वतः विकले होते, रुमालाखाली हात घालणारी बाई म्हणून दीरांनी तिला नावं ठेवली होती.

ती खुरडत खुरडत आबांपाशी गेली. आबांच्या गाठोड्यात त्यांचा डोक्याला बांधायचा लाल रुमाल होता. तो तिनं काढला, दोघांच्या हातांवर टाकला आणि आपला हात आत सारला. आबांचा चेहरा मी तेव्हा बघत होते. आधी त्यांनी डोळे मिटले. मग भुवई वर गेली. मग त्यांनी तोंड वाकडं केलं, गिऱ्हाईक फारच कमी बोललं की करतात तसं, आणि हात काढून घेतला. आजी म्हणाली, ह्ये बघा, भाव खातोय. मला हसू आलं आणि रडूही आलं.

त्या दिवशी आबांनी अर्धी भाकरी खाल्ली.

मग रोज दुपारनंतर पडवीत बाजार भरायला लागला. बैल कुणाकडंच नव्हते, म्हणून बैल बोलून उभे करायचे. एकानं सांगायचं, माझा खोंड आहे, चार दाती, रंगानं कोसा, शिंगं अशी, वशिंड असं. बाकीच्यांनी त्यात खोड काढायची, कपाळावर भोवरा खोटा आहे, मागचा पाय झाडतो. ज्या माणसांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, त्यांना तीस वर्षांपूर्वी मेलेल्या बैलाच्या शेपटीचा गोंडा आठवत होता. एका म्हाताऱ्यानं आपला बैल विकायला काढला आणि भाव ठरता ठरता रडून हात काढून घेतला, न्हाय विकायचा म्हणाला. सगळ्यांनी त्याचं बरोबर आहे म्हणून सांगितलं.

भावाचा प्रश्न आजीनं सोडवला. पैसे कुणापाशी नव्हते, आणि नुसतं एक, दोन म्हणण्यात चव नव्हती. म्हणून किंमत ओव्यांत ठरली. जो बैल घेईल त्यानं तेवढ्या ओव्या म्हणायच्या. बायांना जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. पुरुषांची पंचाईत व्हायची, ते काहीतरी जुळवून म्हणायचे आणि बाया त्यांची टर उडवायच्या. पिंजारी यायचा तेव्हा तार छेडून साथ करायचा, आणि कधी एखादा बैल घेऊनही जायचा.

आबा सगळ्यांत कडक विकणारे होते. पंज्याखाली ते कधी उतरलेच नाहीत. आजी रुमालाखाली बोटं चाचपत तोंडातल्या तोंडात कानडीत मोजायची, वंदु, येरडु, मूरु, म्हणजे एक, दोन, तीन, आणि चिडून म्हणायची, दलाल, लुटता का मला. आबा मान हलवायचे. शेवटी ती हात मारायची आणि पाचच्या पाच ओव्या म्हणायची. त्यात एक ओवी आबांच्या विशेष आवडीची होती. तिच्यात एक बाई भाकरी घेऊन बांधावर उभी असते आणि नवऱ्याला म्हणते, उन्हं उतरली, बैलं दमली, आता औत सोडा. ती ओवी आजी मुद्दाम शेवटी ठेवायची. ती झाली की आबा डावा हात वर करायचे. म्हणजे बाजार उठला. मग मी ताटं मांडायला जायचे.

असा तो बाजार बराच काळ चालला. मधल्या काळात पडवीतले काही गेले, काही नवे आले. आबा भरले नसले तरी तगले. माझा त्यांच्यावर जीव जडला होता, बापावर जडावा तसा, आणि मी त्यांना मरू दिलं नाही ह्याचा मला मोठा अभिमान होता.

मग रझाकारांचे दिवस आले. हद्दीपलीकडं स्वराज्य झालं होतं, आणि आमच्याकडं गावं जळत होती. आधी लांबची नावं कानावर यायची, मग ओळखीची यायला लागली. गावातली तरणी माणसं बार्शीच्या बाजूला निघून गेली. मागोमाग बायकापोरं गेली. ज्याच्यापाशी गाडी होती तो गाडीत घर भरून गेला. उन्हाळा कडक होता, विहिरी तळाला गेल्या होत्या. पडवीत मात्र बाजार रोज भरत होता. मीच तो भरवत होते. दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं.

एका सकाळी पूर्वेला धूर दिसला. तो शेजारच्याच गावचा होता. अप्पा पडवीत आले आणि म्हणाले, उन्हं कलली की निघायचं. मठापाशी एकच गाडी उरली होती, आणि तिला जुपायला थकलेली एकच जोडी होती. ज्यांना चालता येतं त्यांनी गाडीमागून चालायचं. ज्यांना येत नाही त्यांना गाडीत घालायचं. गाडीत घालायच्या माणसांत आबांचं नाव मी सगळ्यांत आधी घेतलं.

आबांनी हातानं खूण केली की मला बैलांकडं न्या. मी आणि अप्पांनी धरून त्यांना नेलं. त्यांनी डाव्या हातानं दोन्ही बैलांचे पाय चाचपले, खूर पाहिले, बरगड्यांवरून हात फिरवला. मग गाडीत बसलेल्यांकडं पाहिलं आणि आपल्यावर बोट ठेवून मान हलवली, इथवरच. पुढं घाट होता. ह्यापेक्षा एक माणूस जास्त घातलं तर बैल घाटात बसतील, हे त्यांना सांगायचं होतं. त्यांची पारख अप्पांनीही मान्य केली.

राहिली आजी. तिचे गुडघे तिला वेशीपर्यंतही नेणार नव्हते. घाटात तर विचारच नको. सगळ्यांना हे दिसत होतं. मग तीच म्हणाली, म्या राहते. देवापुढं दिवा लावाया कुणी पायजे का न्हाय. मला म्हातारीला कोण काय करतंय. तिनं हे अगदी सहज म्हटलं, पण तिची नजर गाडीवरून हलेना. तिला मरायचं नव्हतं. ते लपवता न आल्याचा तिला राग येत होता, हे मला दिसलं.

उन्हं कलायला अवकाश होता. सगळी घाबरली होती, एक म्हातारी मोठ्यानं रडत होती. मी लाल रुमाल आणला आणि म्हटलं, चला, बाजार तर होऊ द्या. आजही सांगते, दुसरं काही मला सुचलं नसतं. आबांनी रुमाल माझ्या हातातून घेतला आणि आजीकडं पाहिलं. आजी आपली नेहमीची कुरकुर करत आली, बैल कुठला, दाती किती, विचारत राहिली. आबांना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांचा बैल नेहमी मी बोलून उभा करायचे. त्या दिवशी त्यांनी मला हातानं गप्प केलं. आपलं बोट आधी गाडीकडं केलं, मग स्वतःकडं केलं, आणि रुमालाखाली हात घातला.

आजीला वाटलं, गाडीचाच बैल विकायला काढलाय. तिनं हात आत घातला. मी बघत होते. क्षणभरच त्यांनी बोटं धरली असतील. आजीनं चमकून आबांकडं पाहिलं. नेहमी ती घासाघीस करायची, त्या दिवशी तिनं केली नाही. भाव इतका लगेच कसा पटला कोण जाणे, तिनं रुमाल बाजूला केला आणि हातावर हात मारला. सगळ्यांनी सवयीनं वा वा केलं.

मग आबांनी तिला खांद्याला धरून गाडीकडं ढकललं. त्यांनी काय विकलं ते तेव्हा तिला कळलं, आणि मलाही. त्यांनी गाडीतली आपली जागा विकली होती.

मी आधी हसून न्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, आबा, हा खेळ आहे. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी खजील झाले. त्यांच्या लेखी तो कधी खेळ नव्हताच. मग मी त्यांचे पाय धरले, अप्पांना मध्ये घातलं, रागावले, तुम्हाला जगवलं ते ह्यासाठी का म्हणून ओरडले. आबांनी डाव्या हातानं पडवीच्या खांबाला मिठी मारली. ती आम्हा दोघांनाही सुटेना. आजी गाडीपाशी उभी होती. मी तिच्याकडं वळले आणि म्हटलं, तुम्ही तरी नाही म्हणा.

ती म्हणाली, "हात मारलाय पोरी. आता फिरिवला तर त्यांचं काय ऱ्हायलं?"

अप्पांनी मान खाली घातली आणि आजीला गाडीत बसवायला सांगितलं. पिंजारी गावातच राहणार होता. त्याची म्हातारी आई होती, आणि आपण मुसलमान, आपल्याला कोण हात लावणार असं त्याला वाटत होतं. तो म्हणाला, मी बघतो ह्यांच्याकडं, तुम्ही निघा. मी आबांपाशी पाण्याची घागर ठेवली, भाकऱ्या ठेवल्या, आणि मला त्यांच्याकडं बघवेना म्हणून न बघताच निघाले. वेशीत वळून पाहिलं. त्यांचा डावा हात खांबालाच होता.

बैल घाट चढले, पण कसेबसे. वरच्या वळणावर एका बैलानं गुडघे टेकले आणि पुन्हा उठला. आबांचा अंदाज बरोबर होता. मला तो चुकावा असं फार वाटत होतं.

हद्दीपलीकडच्या छावणीत आम्ही पावसाळा काढला. तंबू गळायचे, पोटं बिघडली, आणि मठातून नेलेल्यांतली निम्मी म्हातारी माणसं तिथंच गेली. मी त्यांच्यासाठी तिथं बाजार भरवला नाही. माझ्यात तेवढी ताकद नव्हती. लाल रुमाल आजीपाशी होता, तो ती डोक्याखाली घेऊन झोपायची. भाव काय ठरला होता ते मी तिला विचारलं. भाव तिसऱ्याला सांगायचा नसतो, म्हणाली. मी पुन्हा विचारलं तेव्हा तिनं तोंड फिरवलं. ओवी तर ती एकही म्हणत नव्हती. मला वाटायचं, पंज्याच्याही वर काहीतरी असणार, एवढी मोठी वस्तू होती.

सैन्य आलं, निजामाचं राज्य गेलं, आणि रस्ते मोकळे झाल्यावर आम्ही परत आलो. मठाची पडवी जळून गेली होती. खांब काळे उभे होते. शेजारच्या एका शेतकऱ्यानं सगळं सांगितलं. आम्ही गेल्यावर दोन दिवसांनी रझाकार आले आणि त्यांनी पडवीला आग लावली. पिंजाऱ्यानं आबांना ओढून मागच्या लिंबाखाली आणलं. आबा त्यानंतर काही दिवस होते. पिंजारी आणि त्याची आई पाणी पाजत, घास पुढं करत, पण आबांनी पुन्हा ओठ मिटून घेतले होते. गेले तेव्हा पिंजाऱ्यानंच दोघा-तिघांना गोळा केलं आणि तुमच्या लिंगायतांत बसवून माती देतात ना, म्हणून विचारून मठामागं तशी माती दिली.

मी म्हटलं, पिंजाऱ्याला भेटायला हवं. मी त्याच्या घरी गेले. पिंजाऱ्याचं दार उघडं होतं आणि आत धनुकली मोडून पडली होती. सैन्य आल्यावर मग उलटे दिवस आले होते, आणि ज्यानं आमच्या माणसाला आगीतून काढलं त्याला आमच्याच माणसांनी ठेवलं नव्हतं. कुठं गेला, आई कुठं गेली, हे मी गावात विचारत फिरले. माणसं दुसरीकडं बघायची. मला त्या गावाची तेव्हा जी किळस आली ती आजही गेलेली नाही.

संध्याकाळच्या आधी आजी म्हणाली, मला मठामागं ने. मी तिला जवळजवळ उचलूनच नेलं. मातीचा उंचवटा पावसानं बसला होता, वर गवत आलं होतं. ती शेजारी बसली. लाल रुमाल काढून तिनं त्या मातीवर पसरला, आपला हात त्याच्याखाली घातला आणि ओवी म्हणायला लागली. ती बांधावरची होती. उन्हं उतरली, बैलं दमली, आता औत सोडा. आवाज चिरका झाला होता, पण एक शब्द तिनं सोडला नाही.

ओवी संपली. मी पुढच्या ओवीची वाट बघत राहिले. ती काही म्हणेना. शेवटी मी म्हटलं, आजी, बाकीच्या?

तिनं माझा हात ओढून रुमालाखाली घेतला आणि माझं एक बोट धरलं. एकच.

"वंदु," ती म्हणाली. "येवढंच मागितलं त्यांनी. कुठली ते बोटानं सांगता येत न्हाय, ती म्या ठरिवली."

जो माणूस खोट्या बैलाला पंज्याखाली उतरला नाही, त्यानं आपला जीव एका ओवीला दिला होता. मी तिथं मातीवर बसून रडले, दुःखानं थोडी आणि रागानं जास्त. आजीनं मला रडू दिलं. मग तिनं रुमालाची घडी घातली, माझ्या खांद्याला धरून उभी राहिली, आणि मातीकडं बघत डावा हात वर केला.

"चल पोरी," म्हणाली, "बाजार उठला."